घामाचे मोल आणि कामाचे माप

घर बांधून पाहावे असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ते बांधून पाहिले आहे त्यास विटा, वाळू, सिमेंट आणि लोखंड यांच्या भावांइतकाच आणखी एक प्रश्न पदोपदी सतावतो. तो असा की, गवंडी आणि त्याचे मदतनीस यांस रोजावर ठेवावे, की काम उक्ते देऊन मोकळे व्हावे? रोजावर ठेवले तर काम रेंगाळते अशी मालकाची तक्रार असते. उक्ते दिले तर काम उरकले जाते, परंतु भिंतीच्या आत काय झाले हे देवच जाणे, अशी त्याला शंका असते. बेळगाव आणि निपाणी या टापूत मागील काही वर्षांत घरांची आणि देवळांच्या जीर्णोद्धाराची कामे पुष्कळ निघाली. आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांना हा प्रश्न स्वतः पडलेला आहे. तो केवळ हिशेबाचा प्रश्न आहे असे सामान्यतः समजले जाते. प्रस्तुत लेखकाच्या अल्प मतीस तो हिशेबाइतकाच धर्माचाही प्रश्न आहे असे वाटते, आणि दोन्ही बाजूंनी त्याचा विचार व्हावा एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहिले आहेत.

प्रथम मोबदल्याच्या रीती कोणत्या ते पाहू. पहिली रीत रोजाची. सकाळी हजेरी, दुपारी जेवणाची सुट्टी, संध्याकाळी काम बंद; जितके दिवस भरले तितके रोज. दुसरी रीत उक्त्याची. येथे दिवस मोजले जात नाहीत, काम मोजले जाते. गिलावा चौरस फुटावर, फरशी चौरस फुटावर, पायाची खोदाई आणि दगडाचे बांधकाम ब्रासावर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे माप आपल्या भागात लहान मुलांसही ठाऊक असते. तिसरी रीत गुत्त्याची, म्हणजे सारे काम एकाच माणसाच्या अंगावर घालण्याची. कानडीत जिला गुत्तिगे म्हणतात तीच ही. यात मालकाचा व्यवहार गुत्तेदाराशी, आणि गुत्तेदाराचा मजुरांशी. या तिन्ही रीतींना छेदून जाणारी चौथी गोष्ट म्हणजे पैसे केव्हा द्यावयाचे ही. रोज संध्याकाळी, आठवड्याच्या बाजारादिवशी, महिन्याने, की काम संपल्यावर? आणि आगाऊ उचल दिली असल्यास ती कशी वळती करावयाची? पगार हा शब्द मराठीत आणि कानडीत एकच आहे. सीमेच्या या टापूत मालक एका भाषेचा आणि मजूर दुसऱ्या भाषेचा असला तरी या एका शब्दाविषयी दोघांत गैरसमज होत नाही. गैरसमज होतो तो त्या शब्दामागील न्यायाविषयी.

उक्त्याने काम वेगाने होते, हे अनुभवाने खरे आहे. समजा, एका खोलीच्या गिलाव्यास रोजावर दोन गवंडी आणि दोन मदतनीस यांना पाच दिवस लागतात, आणि उक्त्यावर तेच चौघे ते काम चार दिवसांत उरकतात. मालकाने उक्त्याचा दर साडेचार दिवसांच्या रोजाइतका धरला, तर मालकाचा अर्धा दिवस वाचला आणि मजुरांस चार दिवसांत साडेचार दिवसांची कमाई झाली. वाढलेल्या श्रमाचे फळ दोघांनी वाटून घेतले. येथपर्यंत कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु पुढच्या खोलीच्या वेळी मालक म्हणतो, "काम चार दिवसांत होते हे मी पाहिले आहे, आता दर चार दिवसांचाच धरू." तो क्षण निर्णायक होय. त्या क्षणी मजूर एक धडा शिकतो, आणि तो असा की आपण जितके वेगाने काम करू तितका आपला दर खाली येईल. त्यानंतर तो मनातल्या मनात वेगावर झाकण ठेवतो. मग मालक म्हणतो, "ही माणसेच आळशी." वस्तुतः तो आळस त्या मजुराच्या अंगी जन्मतः नव्हता, तो त्यास शिकविला गेला.

ही गोष्ट अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर या इंजिनियराने फार पूर्वी ओळखली होती. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मजूर मुद्दाम सावकाश काम का करतात याचे एक मोठे कारण त्याने हेच दिले, की काम वाढताच मालक दर कापतो. याच ग्रंथात बेथलेहेम येथील लोखंडाच्या कारखान्यातील त्याचा प्रसिद्ध प्रयोग वर्णिलेला आहे. तेथे एक मजूर दिवसाला सुमारे साडेबारा टन लोखंडाचे ठोकळे वाहून नेत असे. निवडक माणसांस प्रत्येक हालचाल शिकवून आणि वाढीव मजुरी देऊन तेच काम साडेसत्तेचाळीस टनांपर्यंत नेले, असे टेलर सांगतो. काम जवळजवळ चौपट झाले. मजुरी मात्र १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर, म्हणजे सुमारे साठ टक्क्यांनीच वाढली. आणि एवढे काम करण्यास समर्थ असा मनुष्य आठांत एखादाच असतो, हेही टेलरनेच नमूद केले आहे. उरलेल्या सातांचे काय, हा प्रश्न तेथे सुटत नाही, आणि आपला खरा प्रश्न नेमका तेथून सुरू होतो.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाची फार मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली आणि लाखो माणसे खडी फोडावयास व माती उपसावयास गेली. या योजनेचे शिल्पकार वि. स. पागे. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तेथे मजुरी कामाच्या मापावर दिली जाई. मोजमापामागील कल्पना अशी की, सर्वसाधारण मनुष्याने दिवसभर मन लावून काम केले असता त्यास ठरलेली किमान मजुरी सुटावी. कल्पना न्यायाची होती. परंतु कातळाची जमीन आणि मऊ माती, तरुण गडी आणि बाळंतपणातून उठलेली बाई, भरल्या पोटाचा आणि उपाशी, या सर्वांना एकाच फुटपट्टीने मोजले की न्यायाचे रूप पालटते. खड्डा सर्वांचा सारखाच मोजला जातो, तो खणणारे हात मात्र सारखे नसतात.

मापाच्या मजुरीचे शुद्ध रूप पाहावयाचे असेल तर निपाणीकरांना दूर जावयास नको. विडीचा धंदा हा पिढ्यान्‌पिढ्या हजारी मजुरीवर चालत आलेला आहे. हजार विड्या वळल्या की अमुक पैसे. किती तास बसून वळल्या हे कोणी विचारीत नाही. घरी बसून, पोरांचे करीत, दिव्याच्या उजेडात वळल्या तरी हजार म्हणजे हजारच. येथे आळसास जागा नाही, कारण जी वळेल तिलाच मिळेल. तरीही या धंद्यात तंटे झाले, आणि ते मुख्यतः कोठे झाले? मापाच्या टोकाशी. पान वजनाने मिळते. ते कमी पडले किंवा फाटके निघाले तर तोटा कोणाचा? वळलेल्या विडीतून छाट काढली जाते; ती किती काढावी, आणि काढलेल्या छाटीची मजुरी द्यावी की नाही? १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, तेव्हा कच्चा माल देणे, विड्या नाकारणे आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी हे तंट्याचे विषय म्हणून त्या कायद्यात स्पष्ट नमूद करावे लागले. तात्पर्य असे की, मापाने मजुरी दिल्याने लबाडी नाहीशी होत नाही. ती फक्त जागा बदलते. रोजाच्या कामात ती वेळेत शिरू शकते, उक्त्याच्या कामात मापात आणि प्रतीत.

बांधकामात तर ही प्रतीची बाजू अधिकच नाजूक आहे. वाईट विडी हातात घेताच कळते. वाईट भिंत कळावयास वर्षे लागतात. स्लॅब ओतल्यावर त्यास निदान सात दिवस तरी पाणी मारून ओलसर ठेवावे लागते, आणि काँक्रीटाची ताकद अठ्ठावीस दिवसांनी पारखतात. चौरस फुटाच्या दरात हे पाणी मारणे कोठेच दिसत नाही. ज्याने फुटावर काम घेतले तो ओतून मोकळा झाला. पाणी मारणाऱ्याची मजुरी कोणी धरली होती काय? माल कालवताना पाणी थोडे अधिक घातले तर तो थापीखाली लोण्यासारखा पसरतो आणि काम झपाट्याने होते, परंतु काँक्रीट तितकेच दुबळे होते. ओळंबा दर थराला लावावा, वीट वापरण्यापूर्वी भिजवावी, सांधे भरून घ्यावेत, ही सारी कामे मंद गतीची आहेत. त्यांना माप नाही, म्हणून उक्त्यात त्यांना मोलही नाही. ज्या कामाचे मोल आपण देत नाही ते काम होणार नाही, यात नवल कसले? बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ साली उभी राहिली. तिच्या छतातील दगडी कमळाची एकेक पाकळी घडवणाऱ्या हातांना घाई नव्हती, एवढे तरी तिच्याकडे पाहून खात्रीने म्हणता येते.

एवढ्यावरून रोज चांगला आणि उक्ते वाईट, असा निर्णय करणेही घाईचे होईल. खोदाई, माती वाहणे, विटा चढवणे अशी जी कामे डोळ्यांना दिसतात आणि सहज मोजता येतात, ती मापाने देण्यात कष्टाळू मजुराचेही हित आहे. त्यास आपली शक्ती आपल्या इच्छेने वापरता येते. मुकादमाच्या हाकेवर हलावे लागत नाही. याउलट जेथे प्रत नजरेआड राहते तेथे रोज आणि देखरेख हीच रीत बरी. आणि उक्ते दिले तरी तळाशी एक जमीन हवी, जिच्याखाली कोणाची दिवसाची कमाई उतरू नये. १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्याने हे तत्त्व मान्य केले होते. मापाने काम करणाऱ्यासही वेळेच्या हिशेबाने एक किमान मजुरी मिळालीच पाहिजे, ही तरतूद त्यात होती. हा कायदा आणि १९३६ चा वेतन देण्याविषयीचा कायदा पुढे २०१९ च्या वेतनसंहितेत एकत्र करण्यात आले. परंतु तत्त्व जुनेच आहे.

आता केव्हा द्यावे या प्रश्नाकडे वळू. याकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते, आणि अलीकडील संशोधनावरून पाहता कामाच्या गतीशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. आपल्याच कर्नाटकात म्हैसूर येथे संगणकावर मजकूर भरणाऱ्या कामगारांचा अभ्यास सुप्रीत कौर, मायकेल क्रेमर आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पगाराचा दिवस जसजसा जवळ येई तसतसे काम वाढत जाई, असे त्यांना दिसले. दूरच्या फळापेक्षा जवळचे फळ हातांना अधिक चालना देते, हा मनुष्यस्वभाव आहे. दुसरा अभ्यास ओडिशातील. पानांच्या पत्रावळी करणाऱ्या आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांपैकी काहींना त्यांच्याच मजुरीचा मोठा भाग मुदतीपूर्वी देण्यात आला. मजुरी वाढवली नव्हती. फक्त लवकर दिली होती. ज्यांना पैसे आधी मिळाले त्यांनी प्रथम देणी फेडली आणि घरात लागणाऱ्या वस्तू आणल्या. त्यानंतर त्यांचे काम सुमारे सात टक्क्यांनी वाढले आणि नकळत होणाऱ्या चुका कमी झाल्या. ज्यांची ओढाताण अधिक होती त्यांच्यात हा फरक अधिक दिसला.

या दुसऱ्या अभ्यासावर वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा, अशी विनंती आहे. आपल्याकडे एक समज रूढ आहे की मजुराच्या हाती पैसे आले म्हणजे तो दुसऱ्या दिवशी खाडा करतो, म्हणून त्याचे काही दिवसांचे पैसे अडकवून ठेवावेत. तसे करणारा एखादा असेलही. परंतु ज्याच्या डोक्यात वाण्याची उधारी, मुलाची फी आणि म्हातारीचे औषध घोळत आहे, त्याचे हात भिंतीवर असले तरी चित्त भिंतीवर राहत नाही. चिंता ही विश्रांती घेऊ देत नाही आणि कामही करू देत नाही. त्याचे पैसे अडकवून आपण त्याचे पाय बांधले असे आपणांस वाटते; वस्तुतः त्याचे चित्त आपण आपल्या कामावरून काढून घेतो. उंच परातीवर उभ्या असलेल्या माणसाचे चित्त विचलित असणे हे तर त्याच्या जिवावरचेच आहे. २०१९ च्या संहितेत रोजावरच्या कामगारास पाळी संपताच आणि आठवड्यावरच्यास आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पैसे द्यावेत असे सांगितले आहे. ग्रामीण रोजगाराच्या २००५ च्या कायद्यातही मजुरी आठवड्याला, आणि फार तर पंधरवड्याच्या आत द्यावी असे होते. तेथे प्रत्यक्षात विलंब होत गेला, आणि विलंबाबद्दल भरपाईची तरतूद ठेवावी लागली.

कोणाच्या हातून द्यावे हाही प्रश्न लहान नाही. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी मोठी बांधकामे चालली होती. तेथील मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदार ती जमादारांच्या हाती देत, आणि जमादार माणशी एक रुपया आपली दलाली म्हणून कापून ८ रुपये २५ पैसे मजुरास देत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. किमान मजुरीपेक्षा कमी मोबदल्यावर काम करून घेणे हे राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरविलेल्या वेठबिगारीत मोडते, असा निर्णय न्यायमूर्ती भगवती यांनी दिला. या निर्णयाचे मर्म असे की, दोरीने बांधून आणलेला मनुष्यच तेवढा वेठीला धरलेला असतो असे नाही. भुकेने आणलेला मनुष्यही वेठीलाच धरलेला असतो. गुत्तेदाराशी आपला हिशेब चुकता झाला म्हणजे आपण ऋणमुक्त झालो असे समजणाऱ्या प्रत्येक मालकाने हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या भिंतीवर ज्याचा घाम पडला त्याच्या हाती पैसे पोचले की नाही, हे विचारण्याचा आपणांस केवळ अधिकारच नाही, ते आपले कर्तव्य आहे.

येथे कोणी विचारील की, सर्वांना सारखे द्यावे की कामाप्रमाणे? १८६० साली जॉन रस्किन याने इंग्लंडात एक निबंधमाला लिहिली. 'अन्टू धिस लास्ट' या नावाने ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात महात्मा गांधींनी ते पुस्तक वाचले, आणि १९०८ साली 'सर्वोदय' या नावाने त्याचे सार गुजरातीत दिले. रस्किनचे म्हणणे असे की, वैद्य किंवा सैनिक यांस आपण चढाओढीने कमीत कमी दरात नेमीत नाही. त्यांचे वेतन ठरलेले असते. कारागिरांचेही तसेच असावे. चांगल्या आणि वाईट कामगारास दर एकच असावा. मात्र चांगल्यास काम मिळावे आणि वाईटास मिळू नये. स्वस्त आणि वाईट कामगार चांगल्याचे काम हिरावून घेतो, ही खरी अनीती, असा त्याचा आशय. ओडिशातच झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात असे दिसले की, एकाच तुकडीत कारण न कळता एखाद्यास कमी मजुरी मिळाली तर त्याचे काम घटते आणि तो कामावरही कमी येतो. परंतु दुसऱ्याचे काम खरोखरच अधिक आहे हे डोळ्यांना दिसत असेल तर फरक असूनही मन दुखावत नाही. म्हणजे मनुष्यास फरक बोचत नाही, अकारण फरक बोचतो. घमेली वाहणाऱ्या बाईस तेच ओझे वाहणाऱ्या गड्यापेक्षा कमी रोज देताना आपण कोणते कारण सांगतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झाला नव्हता असे मुळीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मजुरीचे नियम सविस्तर दिलेले आहेत. वेतन आधी ठरवावे. ठरवले नसेल तर शेतकामाच्या मजुरास पिकाचा, गुराख्यास तुपाचा दहावा भाग मिळावा. वेतन न देणाऱ्या धन्यास दंड. आणि वेतन घेऊन काम न करणाऱ्या मजुरासही बारा पणांचा दंड. मिळून काम करणाऱ्या तुकडीने वेतन ठरल्याप्रमाणे, अथवा समान वाटून घ्यावे. या नियमांची विशेषता अशी की ते एकाच बाजूचे नाहीत. धन्याचा धर्म आणि कामकऱ्याचा धर्म हे दोन्ही तेथे एकाच तराजूत तोलले आहेत.

मग गीतेने सांगितलेल्या फळाच्या आशेविना कर्म करण्याच्या उपदेशाचे काय? हा उपदेश अनेकदा चुकीच्या तोंडून ऐकू येतो. निष्काम कर्म हे ज्याचे त्याने आपल्यापुरते धरावयाचे व्रत आहे. दुसऱ्याच्या फळावर आपण हात ठेवावा आणि त्यास फळाची आशा धरू नकोस असे सांगावे, हा गीतेचा अर्थ नव्हे. मालकाने निष्काम व्हावयाचे असेल तर मजुराच्या श्रमातून मिळणाऱ्या अवाजवी लाभाविषयी व्हावे. मजुराने निष्काम व्हावयाचे असेल तर ते त्याच्या आणि त्याच्या देवाच्या मधले आहे; त्याची वसुली मालकाने करावयाची नाही.

प्रस्तुत लेखक पुरोहिताच्या घरात वाढला असल्याने आणखी एका गोष्टीचा उल्लेख करण्याचे धाडस करतो. पूजेची दक्षिणा आधी ठरवू नये, यजमान यथाशक्ती देईल ती घ्यावी, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. ही रीत सुंदर आहे. परंतु तिच्यामागे समाजातील एक मान उभा असतो. कमी दिले तर लोक काय म्हणतील ही लाज यजमानास असते. गवंड्याच्या मदतनिसास असा मान कोणी दिला आहे काय? त्यास "काम होऊ दे, मग बघू" असे सांगणे म्हणजे दक्षिणेच्या रीतीतील सोय तेवढी उचलणे आणि तिच्यातील मर्यादा टाकून देणे होय.

देवळाच्या कामात तर हा प्रसंग विशेष येतो. "देवाचे काम आहे, दर थोडा कमी लाव," असे आपण सहज बोलून जातो. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. वर्गणीचा पैसा जपून खर्चावा अशीच त्याची इच्छा असते. परंतु विचार करून पाहावे. सिमेंटाच्या दुकानदाराने पोत्यामागे सूट दिली तर त्याची देणगी म्हणून फलकावर त्याचे नाव लागते. मजुराने रोजामागे सूट दिली तर तिची नोंद कोठेच होत नाही. उलट ती त्याच्याकडून अपेक्षिलीच जाते. ज्यास नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्याकडून घेतलेले दान हे दान नव्हे. दान तोच देऊ शकतो ज्याच्या हाती आधी त्याचे स्वतःचे काही पडले आहे. म्हणून देवळाच्या कामावर गावातील वाजवी दर आधी पूर्ण चुकता करावा. मग त्यातून एखाद्या गवंड्याने पाच रुपये किंवा एक दिवसाचे श्रम स्वखुशीने देवापुढे ठेवले, तर त्याचे नाव इतर देणगीदारांच्या बरोबरीने लिहावे. ती देणगी यादीतील कोणत्याही मोठ्या आकड्यापेक्षा लहान नसेल.

आता मजूर बंधूंविषयी. त्यांच्याकडून काहीच अपेक्षा नसावी असे येथे सुचवावयाचे नाही. रोज घेऊन दिवस वाया घालवणे हेही परक्याचे द्रव्य घेण्यासारखेच आहे. पन्नास वर्षे उभी राहावयाची भिंत पाच वर्षांत तडकेल अशी बांधणे हा तर त्या घरात राहणाऱ्या लेकरांशी केलेला दगा होय. परंतु कौटिल्याच्या तराजूत दोन्ही पारडी असली तरी दोघांच्या हातातील बळ सारखे नाही. मालकाचे काम आठ दिवस लांबले तर त्याची गैरसोय होते; मजुराची मजुरी आठ दिवस लांबली तर त्याची चूल विझते. ज्याच्या हाती अधिक बळ, त्याने आपला धर्म आधी पाळावा, हे ओघानेच येते.

म्हणून व्यवहारापुरते असे म्हणता येईल. जे काम दिसते आणि मोजता येते ते मापाने द्यावे. जे झाकले जाते ते रोजाने द्यावे आणि त्यावर स्वतः उभे राहावे. पाणी मारणे आणि ओळंबा लावणे या कामांची मजुरी वेगळी धरावी. एकदा ठरलेला दर, मजूर वेगाने काम करतो एवढ्याच कारणाने त्याच कामात कापू नये. उक्ते दिले तरी कोणाचा दिवस किमान रोजाखाली जाऊ देऊ नये. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, शक्यतो प्रत्येकाच्या हाती, बटवडा करावा. आणि हजेरी लिहून ठेवावी. कारण १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी कल्याणनिधी निर्माण केला तेव्हा त्याच्या नोंदणीस मागील बारा महिन्यांत नव्वद दिवसांच्या कामाची अट घातली. आपण लिहिलेली चार ओळींची हजेरी आपल्याकडे कागदाचा तुकडा असते. त्याच्याकडे ती त्याच्या मुलीच्या शिक्षणाची किंवा म्हातारपणाची आशा असू शकते.

रोज की उक्ते, या प्रश्नाचे एकच एक उत्तर कोणत्याही शास्त्रात सापडणार नाही, कारण काम बदलले की माप बदलते. परंतु कोणतीही रीत स्वीकारली तरी तिच्यामागे एक प्रश्न उभा असतोच: या माणसाचे काम मला कमीत कमी किती द्रव्यात मिळेल, की या कामाचे वाजवी द्रव्य किती? पहिल्या प्रश्नाने आरंभ करणाऱ्यास रोजावर आळशी मनुष्य भेटतो आणि उक्त्यावर लबाड. दुसऱ्या प्रश्नाने आरंभ करणाऱ्यास पुष्कळदा त्याच नाक्यावर, त्याच माणसांत, चांगला गवंडी सापडतो.

येत्या हंगामात ज्यांच्या घरी पाया खणावयाचा आहे त्यांनी दर ठरविण्यापूर्वी हा दुसरा प्रश्न एकदा घरच्या मंडळींसमवेत बोलून पाहावा, एवढीच नम्र विनंती.